अख्खा सी ड्राइव्ह कॉपी करून नवा कॉम्प्युटर तयार होत नाही

नवा कॉम्प्युटर घेणाऱ्यांसाठी एक सल्ला सगळीकडे फॉरवर्ड होतो: जुन्याचा अख्खा सी ड्राइव्ह पेनड्राइव्हवर कॉपी करा, नव्यावर पेस्ट करा, सॉफ्टवेअरसकट सगळं येतं, वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत) आहे त्याची तर काळजीच नको, मग जुना फॉरमॅट मारून देऊन टाका. यातली प्रत्येक पायरी कुठे ना कुठे फसते. शेवटची तर आधीच्या चुका निस्तरायची सोयच ठेवत नाही, म्हणून हे लिहिणं गरजेचं वाटलं.

सॉफ्टवेअरचं आधी उरकू. प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर उचलून नेलं म्हणून प्रोग्राम चालू होत नाही. इन्स्टॉल होताना बहुतेक प्रोग्राम विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, नोंदी करतात, इतर फोल्डरांतही फायली टाकतात. त्या नोंदी सोबत येत नाहीत. सॉफ्टवेअर नव्याने इन्स्टॉल करायचं. न्यायचा असतो तो आपला डेटा.

पण तो डेटा तरी ‘सगळा’ येतो का? चालू विंडोजचा सी ड्राइव्ह कॉपी करायला घेतला की वापरात असलेल्या आणि परवानगी नसलेल्या फायलींवर गाडं अडतं. मग माणूस ‘स्किप’ दाबत सुटतो, नाहीतर वैतागून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स एवढंच उचलतो. मागे राहतं अ‍ॅपडेटा, कारण ते फोल्डर लपवलेलं असतं. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामची मेल त्यात, ब्राउझरचे बुकमार्क त्यात. पीओपीने, म्हणजे मेल सर्व्हरवरून आपल्या मशिनवर आणण्याच्या जुन्या पद्धतीने, मेल उतरवून घेत असाल तर सर्व्हरवर बहुधा जुनं काहीच उरलेलं नसतं. आहे ते याच फोल्डरात. आधी थंडरबर्ड बंद करा, मग त्याचं प्रोफाइल फोल्डर पूर्ण कॉपी करा. क्रोमचे पासवर्ड मात्र फोल्डर नेऊनही मिळत नाहीत. ते जुन्या मशिनवरच्या विंडोज खात्याशी बांधून एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेले असतात. ते गुगल खात्यातून सिंक करा किंवा एक्स्पोर्ट करा, आणि एक्स्पोर्टची फाइल काम झाल्यावर लगेच पुसा. ती कुणालाही उघडून वाचता येते.

आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांची आणखी एक गोम आहे. युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल नव्यावर उघडते, पण पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल खराब झाली समजून ती डिलीट करू नका. मजकूर शाबूत आहे, फॉन्ट जुन्या मशिनवर राहिलाय.

वनड्राइव्हबद्दलचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. फायलीशेजारी नुसता ढग दिसत असेल तर ती या मशिनवर नाहीच. प्रॉपर्टीज उघडा: ‘साइज’ कितीही मोठा असो, ‘साइज ऑन डिस्क’ शून्य दिसेल. याच्या उलटही होतं. मोफत खात्यात जागा मिळते 5 जीबी. ती भरली की सिंक थांबतं आणि नंतरच्या फायली फक्त जुन्या मशिनवर राहतात. त्यामुळे नव्या मशिनवर ब्राउझरमधून वनड्राइव्ह उघडून अलीकडच्या फायली दिसतात का ते बघा. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. जुन्यावर वनड्राइव्हच्या फोल्डरातून डिलीट केलेलं नव्यावरूनही जातं.

पेनड्राइव्हचं थोडक्यात: तो फॅट32 या जुन्या फॉरमॅटचा असेल तर 4 जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल घेतच नाही. रिकामा असतानाच एक्सफॅट या नव्या प्रकारात फॉरमॅट करा, किंवा सरळ एक्स्टर्नल डिस्क वापरा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरची प्रॉपर्टीज उघडून फायलींची संख्या आणि बाइट्स ताडून पाहा. मग काही फायली प्रत्यक्ष उघडा.

राहिला फॉरमॅट. क्विक फॉरमॅटने हार्ड डिस्कवरचा डेटा पुसला जात नाही, फक्त त्याची यादी पुसली जाते. रिकव्हरी सॉफ्टवेअरने तो परत काढता येतो. कॉम्प्युटर दुसऱ्याला द्यायचा असेल तर विंडोजच्या रीसेटमध्ये ‘क्लीन डेटा’चा पर्याय चालू करा. तोही नव्या मशिनवर काही आठवडे काम करून, काही राहिलं नाही याची खात्री पटल्यावर. तोवर डिस्क काढून ठेवणार असाल तर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू आहे का ते तपासा. चालू असेल तर दुसऱ्या मशिनला जोडल्यावर ती 48 अंकी रिकव्हरी की मागेल, आणि ती की जुनं मशिन चालू आहे तोवरच काढून कागदावर उतरवून ठेवायला हवी.