पोटगी म्हणजे भेटीचं तिकीट नव्हे

गेल्या रविवारी मावशीने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "हे खरं आहे का रे? वकिलाने लिहिलंय." वकिलाचं नाव कुठेच नव्हतं. सात उद्गारचिन्हं होती, एक तिरंगा होता आणि मथळा होता, "बापांनो, जागे व्हा! पोटगीच्या नावाखाली चाललेली लूट थांबवा."

एरवी असले मेसेज मी न वाचताच पुसून टाकतो. पण हा मावशीला तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या धाकट्या मावसभावाने पाठवला होता. आणि त्याने तो नुसता वाचला नव्हता, अमलात आणला होता. कोर्टाने मुलीसाठी ठरवलेले महिन्याचे ८,००० रुपये त्याने चार महिने भरलेच नव्हते. तेवढे महिने नातीच्या स्कूलव्हॅनचे पैसे मावशी आपल्या पेन्शनमधून सुनेला गुपचूप पाठवत होती. हे मला त्याच फोनवर कळलं, तेही "त्याला सांगू नकोस हं" या अटीवर. (आता कळेलच. बरंच झालं.)

कोणी मला बायकांचा वकील म्हणण्याआधी सांगतो, मी स्वतः घटस्फोटित बाप आहे. सहा वर्षं दर पाच तारखेला पैसे भरतो आणि मुलीला ठरलेल्या दिवशी भेटतो. त्यामुळे यातलं काय खरं आणि काय बनाव हे मला ऐकीव माहितीवरून ठरवावं लागत नाही.

मेसेजात सहा मुद्दे आहेत. मूल भेटू देत नसतील तर पोटगी बंद करा, कायदा तुमच्या बाजूने आहे. आई कमावती असेल तर मुलाचा खर्च बापावर नाही. पगाराच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त कोणी मागू शकत नाही. नोकरी सोडली की पोटगी शून्य. महिनाभर तुरुंगात जाऊन या, थकबाकी माफ. आणि शेवटी, भारतात बापाला मुलावर कसलाच हक्क नाही.

पहिल्या मुद्द्यावर थांबतो, कारण माझ्या पुतणीच्या व्हॅनचे पैसे त्यानेच बुडवले.

मुलाच्या पोटगीची तरतूद आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून तीच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. आपण सगळे अजूनही "एकशेपंचवीस टाकली" असंच म्हणतो, ते असो. त्यात मुलाच्या बाबतीत पाहायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: बापाची ऐपत आहे का, तो मुलाला सांभाळायला टाळाटाळ करतोय का, आणि मूल स्वतःचं पोट भरू शकतं का. नऊ वर्षांची मुलगी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काय देणार ते सांगायला नको. "भेट मिळाली असेल तर" असे शब्द त्या कलमात कुठेही नाहीत.

मग ही कल्पना आली कुठून? माझा अंदाज असा की कोणीतरी त्याच कलमाचं चौथं उपकलम अर्धवट वाचलं. सबळ कारण नसताना नवऱ्याकडे राहायला नकार देणं, व्यभिचार, परस्परसंमतीने वेगळं राहणं, अशा कारणांनी पोटगी नाकारता येते, असं तिथे लिहिलं आहे. पण ते बायकोबद्दल आहे. त्या उपकलमात मुलाचं नावही नाही. आई भांडली, आई निघून गेली, आईने फोन उचलला नाही, यातल्या कशानेही मुलाची भाकरी कमी होत नाही. पोटगी या शब्दात पोट आहे, आणि इथे ते पोट मुलाचं आहे.

भेट हा वेगळा अर्ज आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ त्यासाठी आहे, १८९० चा पालक आणि पाल्य कायदाही आहे. सुप्रीम कोर्टाने २०२० च्या यशिता साहू प्रकरणात तर म्हटलं की ज्या पालकाकडे ताबा नाही त्यालाही मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे, शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर. तो आदेश मागा. मिळालेला पाळला जात नसेल तर त्याच कोर्टात पुन्हा जा, बुडलेल्या भेटींच्या बदली दिवस मागा. दोन्ही हक्क मुलाचेच आहेत. एक बुडाला म्हणून दुसरा आपण बुडवायचा, हा कुठला न्याय?

आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही. एक महिना मीही पैसे रोखले होते.

सुरुवातीची दोन वर्षं मला मुलगी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेटायची, महिन्यातून दोन शनिवार, अकरा ते एक. प्लास्टिकची घसरगुंडी, एक कान तुटलेला लाकडी घोडा आणि भिंतीवर उंची मोजायचा जिराफ. आल्या आल्या ती जिराफाला पाठ लावून उभी राहायची आणि मी पेन्सिलीने खूण करायचो. बाहेर बाकावर तिचा मामा घड्याळ बघत बसलेला. एकदा तिने विचारलं, "बाबा, हे तुझं ऑफिस आहे का?" त्यानंतरचे सलग तीन शनिवार ती आलीच नाही. मी साडेबारापर्यंत त्या घोड्याशेजारी बसून राहायचो. तिसऱ्या वेळी घरी येऊन ठरवलं, या महिन्यात एक रुपया देणार नाही. तेव्हा हा मेसेज नव्हता, पण तो लिहिणारी अक्कल माझ्यातच होती.

झालं काय? पुढच्या तारखेला मी बुडालेल्या भेटींचा अर्ज घेऊन उभा होतो. समोरच्या वकीलबाईंना एकच वाक्य पुरलं, "यांनी गेल्या महिन्याची पोटगी भरलेली नाही." साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि आधी भरणा करा म्हणून सांगितलं. अर्ज पुढच्या तारखेला गेला. तीन शनिवारांचा माझा न्याय्य राग एका महिन्याच्या हट्टापायी दोन महिने मागे पडला. मुलीचा चित्रकलेचा क्लास त्याच महिन्यात बंद झाला, हे मला खूप उशिरा कळलं, तेही तिच्याकडूनच.

मावसभावाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "पण पैसे तिच्या खात्यात जातात ना, ती काय करते कोणाला माहीत?" मेसेजमध्येही हेच होतं, "एका मुलाला महिन्याला ३,००० पुरेत, बाकी आईची ऐश." मी त्याला कागद-पेन घ्यायला लावलं. शाळेची फी महिन्यावर वाटली तर ३,५००. व्हॅन १,८००. दूध रोज एक लिटर, १,८००. तीन ओळींत ७,१०० झाले. अजून भाजी नाही, डॉक्टर नाही, वह्या नाहीत, शाळेचे बूट नाहीत, आणि ती ज्या खोलीत झोपते तिच्या भाड्यातला वाटा तर नाहीच. ८,००० मधून ऐश करायला राहिले ९००. पैसे नक्की शाळेतच जावेत असं वाटत असेल तर फी थेट शाळेत भरण्याची परवानगी कोर्टाकडे मागता येते, कित्येक जण तसं करतात. त्याला ते माहीत होतं. त्याला फी भरायची नव्हती, जिंकायचं होतं.

आता दुसरा मुद्दा, आई कमावती असली तर. इथे अर्धसत्य आहे, आणि नाइलाजाने मान्य करतो. या विषयावर एकच निकाल वाचायचा असेल तर रजनेश विरुद्ध नेहा वाचा, सुप्रीम कोर्ट, ४ नोव्हेंबर २०२०. प्रकरण आपल्या नागपूरचं. बाळाच्या जन्मानंतर, २०१३ च्या जानेवारीत, बायको घर सोडून गेली. सप्टेंबरमध्ये तिने स्वतःसाठी आणि मुलासाठी अर्ज केला. २०१५ मध्ये नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने तिला महिन्याला १५,००० आणि मुलाला आधी ५,००० व नंतर १०,००० अंतरिम पोटगी ठरवली. नवरा हायकोर्टात गेला, मग दिल्लीला गेला. तिथे निकाल लागला तेव्हा मूल सातेक वर्षांचं झालं होतं.

त्या निकालात मुलाचा खर्च म्हणजे काय ते सांगितलं आहे: अन्न, कपडे, घर, औषधपाणी, शिक्षण, आणि शिकवणीसुद्धा, मात्र वाजवी, चैनीची नव्हे. शिक्षणाचा खर्च साधारणपणे बापाने करायचा, आणि आई पुरेसं कमावत असेल तर दोघांनी आपापल्या मिळकतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. म्हणजे कमावत्या आईचा वाटा आहेच. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचं कलम २० तर १९५६ पासून आई आणि बाप दोघांवरही मुलाची जबाबदारी टाकतं. पण "वाटून" आणि "बापावर नाही" यातला फरक मेसेज लिहिणाऱ्याला कळत नसेल तर त्याने वकिली सोडून दुसरं काही पाहावं.

याच निकालाने दोन्ही बाजूंना मिळकत आणि देण्यांचं शपथपत्र भरणं बंधनकारक केलं. बापांच्या खरंच कामाचं हे आहे: तिचा पगार, तिच्या ठेवी, सगळं कागदावर येतं. मेसेजात याचा उल्लेख नाही. कारण उघड आहे, तुमच्याही ठेवी कागदावर येतात.

नोकरी सोडण्याच्या मुद्द्याचं उत्तरही तिथेच आहे. धडधाकट, शिकलेला माणूस "मला उत्पन्न नाही" एवढं म्हणून सुटत नाही. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची असं कोर्टाने सांगितलंय, म्हणजे तारखा लांबवून मीटर थांबत नाही.

२५ टक्के? २०१७ मध्ये बंगालच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नवऱ्याच्या हाती येणाऱ्या पगाराचा चौथा हिस्सा बायकोच्या पोटगीसाठी योग्य ठरेल असं म्हटलं आणि २३,००० चे २०,००० केले. ते त्या घरापुरतं होतं. कमाल मर्यादा म्हणून कायद्यात असा आकडा नाही.

तुरुंगाचं तर हसूच येतं. थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, ती पैसे वसूल व्हावेत म्हणून. कैद भोगल्याने रक्कम फिटत नाही हे सुप्रीम कोर्टाने कुलदीप कौर प्रकरणात कधीच सांगून ठेवलंय. बाहेर आल्यावर आकडा तसाच असतो, नोकरीचं मात्र सांगता येत नाही.

राहिला शेवटचा, बापाला हक्कच नाही. गंमत अशी की १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून पहिलं नाव बापाचंच आहे, आई त्यानंतर. त्या "नंतर"चा अर्थ लावायला एका आईला सुप्रीम कोर्टात जावं लागलं, गीता हरिहरन, १९९९. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहील हेही त्याच कायद्यात आहे, आणि सगळ्यांच्या वर मुलाचं हित. तरीही या मुद्द्यात दुखणं खरं आहे. हक्क कागदावर आहे आणि शनिवार कोर्टाच्या खोलीत जातो. भेटीचा आदेश मोडला तर दाद मिळेपर्यंत मूल एक इयत्ता पुढे जातं. विधी आयोगाने मे २०१५ मध्ये २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली, तिचा अजून कायदा झालेला नाही. बापांनी जागं व्हायचंच असेल तर त्यासाठी व्हावं, मी बॅनर धरायला येतो. मुलीची व्हॅन बंद करून कोणता कायदा बदलतो?

मावसभावाने बुधवारी दोन महिन्यांचे १६,००० भरले, उरलेले दिवाळीच्या बोनसवर टाकलेत. भेटीचा अर्ज मी त्याच्या शेजारी बसून लिहून घेतला. मावशीला म्हटलं, तो मेसेज आता पुढे पाठवू नकोस. म्हणाली, "अरे, भिशीच्या ग्रुपवर कालच टाकला." तिथे पाठवायला म्हणून हे लिहिलंय.