सत्कारमूर्ती

प्रजासत्ताक दिनी दुपारी फोनवर एक फोटो आला. डोंबिवलीतल्या एका सोसायटीचं पटांगण, मागे झेंडा, झेंड्याखाली फ्लेक्स, फ्लेक्ससमोर खुर्चीत काका. खांद्यावर शाल, मांडीवर श्रीफळ, चेहऱ्यावर 'कशाला एवढं' असा भाव आणायचा प्रयत्न, तोही न साधलेला. फ्लेक्सवर अक्षरं: 'नॉर्वे येथे दुर्मिळ माशीचा शोध लावल्याबद्दल आपल्या बी विंगचे भूषण...' पुढे नाव, पुढे चार उद्गारचिन्हं. खाली काकांचा संदेश: 'भाषणात तुझाही उल्लेख केला हो. एक मराठी मुलगी तिथे मदतीला होती म्हटलं.'

मदतीला!

मी उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला राहते. पोटासाठी संगणकासमोर बसते आणि उन्हाळ्यात त्याहून वरच्या फिनमार्क जिल्ह्यात जाऊन माश्यांच्या नोंदी करते. (हो, माश्या मारते. तो विनोद सासरी आणि माहेरी दोन्हीकडे करून झालाय, तुम्ही रांगेत उभं राहू नका.) नॉर्वेत दिवसा उडणारी फुलपाखरं जेमतेम शंभराच्या आसपास आणि त्यांच्यामागे कॅमेरे घेऊन पळणारी माणसं त्याहून कितीतरी जास्त. माश्यांच्या जाती पाच हजारांच्या वर. त्यांच्यामागे पळणारे आम्ही एका लग्नाच्या पंगतीतही उठून दिसणार नाही. जसजसं उत्तरेला जावं तसतशा मधमाश्या, भुंगे विरळ होतात आणि फुलांचा बराचसा संसार माश्यांवर येऊन पडतो. तरी कॅलेंडरवर छापतात ते भुंग्यालाच.

तर जुलै महिना. पोर्सांगर फ्योर्डच्या (जमिनीत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या) कडेने ई-६ रस्ता जातो, तिथे गाड्या थांबवायची एक जागा आहे. स्वच्छतागृह, दोन बाकं, मागे विलोची खुरटी झुडपं आणि दलदल. नॉर्डकापला मध्यरात्रीचा सूर्य बघायला निघालेल्या बसेस तिथे वीस मिनिटं थांबतात. लोक उतरतात, रांग लावतात, फ्योर्डकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात आणि जातात. मी झुडपांमागे गुडघाभर शेवाळात, तोंडात नळी.

नळीबद्दल सांगायला हवं. एक प्लास्टिकची डबी, तिला दोन रबरी नळ्या. एक माशीवर धरायची, दुसरी तोंडात धरून जोरात ओढायचं. माशी डबीत येते. मध्ये जाळीचा तुकडा असल्यामुळे ती पोटात जात नाही. बहुतेक वेळा. आता यातली मेख अशी की डासांसाठी डोक्यावरून जाळीचा बुरखा घेतलेला असतो आणि नळी तोंडात घालायची तर बुरखा वर करावा लागतो. केला. सगळी पोर्सांगर नगरपालिका आत आली. मी ओरडले, "मेल्यांनो, दम धरा ना जरा!"

"मराठी का?" मागून आवाज.

वळून पाहिलं तर काका. हातविणीचा स्वेटर, त्यावर विंडचीटर, मफलर, कानटोपी आणि कानटोपीवर टूर कंपनीने वाटलेली पिवळीधमक टोपी. हातात प्रवासाचा छापील कार्यक्रम, सुरळी करून. दोन पावलं मागे काकू, एका हातात चॉकलेटचं पाकीट, दुसऱ्या हाताने स्वतःलाच चापट्या मारत असलेल्या.

"काय ओढत होतीस?"

"माशी, काका."

काकांनी डबीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. "हुक्का नाही ना?"

"नाही."

"नाही, इकडे सगळं चालतं म्हणतात."

काका एका बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले. हे त्यांनी सांगितलं नसतं तरी पुढच्या पाच मिनिटांत कळलंच असतं.

"सरकार पगार देतं का याचा?"

"नाही."

"युनिव्हर्सिटी?"

"नाही."

"मग पेट्रोल?"

"माझं."

"मुक्काम?"

"तंबू."

"आणि मिळालेली माशी शेवटी कोणाची?"

"संग्रहालयाची."

काका गप्प झाले. माझा अर्ज नामंजूर झाला होता, फक्त शेरा मारायचा बाकी होता. "मिस्टर काय करतात?"

"सुट्टीच्या दिवशी मासे पकडायला जातात."

"निदान खाता तरी येतात," काका काकूंना म्हणाले. मग एकदम आवाज चढवून, जणू तक्रार नोंदवून घेणारी अधिकारी मीच: "आणि हे डास काय प्रकार आहे? युरोपात डास? कार्यक्रमात एक अक्षर नाही!" सुरळी उलगडून त्यांनी मला पान दाखवलं. खरंच नव्हतं.

मला वाटलं, संधी आहे, माश्यांच्या बाजूने दोन शब्द बोलावेत. म्हटलं, काका, डास हाही माश्यांच्याच गणातला, दोन पंखांचा. काकू आत्ता जे चॉकलेट खातायत ना, त्या कोकोच्या फुलांचं परागीभवन चिलटांएवढ्या माश्या करतात. त्या नसत्या तर हे पाकीट नसतं.

काकूंनी हातातल्या तुकड्याकडे संशयाने पाहिलं. काका म्हणाले, "मग तिकडे जाऊन पकड ना. ऊब तरी असेल."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

आणि तेवढ्यात ती काकांच्या टोपीवर येऊन बसली. काळसर राखाडी, घरमाशीच्याच कुळातली पण अंगाने सडपातळ. या कुळात स्पिलोगोना नावाची एक प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा एक गट, आहे. उत्तर ध्रुवाकडे तिच्या इतक्या जाती आहेत आणि त्या एकमेकींसारख्या इतक्या की पायावरचे केस मोजत बसावं लागतं. माश्यांना पिवळा रंग ओढून घेतो. आम्ही साबणाच्या पाण्याने भरलेल्या पिवळ्या ताटल्या गवतात मांडतो त्या याचसाठी. माझ्या ताटल्यांत सकाळपासून पावसाचं पाणी आणि एक गोगलगाय होती. टूर कंपनीने मात्र चाळीस पिवळ्या ताटल्या माणसांच्या डोक्यावर बसवून बसभर आणल्या होत्या.

"काका, हलू नका."

"का?"

"डोक्यावर आहे."

'डोक्यावर आहे' हे ऐकून स्तब्ध उभा राहील असा माणूस डोंबिवलीत अजून जन्मायचाय. काकांनी टोपी उतरवली, बाकावर आपटली आणि सुरळीने सणसणीत तडाखा दिला. "गेली!" आणि मग माझा चेहरा बघून, उदारपणे, "तुला पाहिजे होती ना? घे."

माशी चपटली होती. तीन पाय टोपीला, बाकीची सुरळीला. मी चिमट्याने तुकडे गोळा करायला लागले. काका वाकून बघत होते.

"आता हिचा उपयोग नाही?"

"मागचं टोक शाबूत असेल तर आहे, काका. जात त्यावरून ओळखतात."

"मागचं टोक म्हणजे?"

आता काय सांगणार? या माश्यांची खात्रीने ओळख पटते ती नराच्या जननेंद्रियांवरून. ते कुलपाच्या किल्लीसारखे प्रत्येक जातीत वेगळे. मादी मिळाली तर बऱ्याचदा हात जोडायचे आणि लेबलवर नुसतं प्रजातीचं नाव लिहून गप्प बसायचं. हे सगळं मी वडलांच्या वयाच्या माणसाला, टॉयलेटच्या रांगेपासून दहा फुटांवर, अस्सल मराठीत कसं सांगू? म्हटलं, "म्हणजे... नर आहे की मादी, आणि नर असेल तर कोणता, ते कळतं."

"कशावरून?"

"अहो, कशावरून कळणार?" काकू खेकसल्या आणि तोंडाला रुमाल लावून हसायला लागल्या. त्या हसल्या तशा रांगेतल्या आणखी दोघीजणी पुढे आल्या. "काय झालं हो?" काकूंनी त्यांच्या कानात सांगितलं. मग त्याही हसल्या. ट्रॉम्सोत एवढी वर्षं काढून मी मराठी बायकांच्या घोळक्याला इतकी मुकले असेन असं वाटलं नव्हतं. पण तेवढ्यात काकांनी बाईट घ्यायला आलेल्या पत्रकाराच्या थाटात विचारलं, "यात आपलं नाव कुठे येतं?"

मी खरं तेच सांगितलं. प्रत्येक माशीला एक चिमुकलं लेबल असतं. त्यावर जागा, तारीख, पकडणाऱ्याचं नाव आणि ओळख पटवणाऱ्याचं नाव.

"पकडली कोणी?"

शिट्टी वाजली. टूर मॅनेजर हात हलवत होता. काका जागचे हलले नाहीत. माझ्या वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने, बँकेच्या वळणदार अक्षरात, पूर्ण नाव लिहिलं, कंसात 'निवृत्त' लिहिलं, मोबाईल नंबर लिहिला आणि मगच बसमध्ये चढले. काकूंनी खिडकीतून बाकरवडीचं पाकीट फेकलं. बस नॉर्डकापकडे गेली.

इथे थोडं विषयांतर करते, राग जरा निवळू दे. स्वीडनमधल्या लुंडला झेटरस्टेट नावाचे प्राध्यापक होऊन गेले. १८२१ मध्ये ते स्वीडन-नॉर्वेच्या उत्तरेकडच्या लॅपलंडात हिंडले आणि पुढे १८४२ ते १८६० या काळात त्यांनी स्कँडिनेव्हियातल्या माश्यांवर चौदा खंड लिहिले. चौदा! सगळे लॅटिनमध्ये. त्यांच्याआधी १७३२ मध्ये लिनियस, सगळ्या सजीवांना दोन शब्दी शास्त्रीय नावं देणारा, याच लॅपलंडात फिरत होता. त्याला रेनडिअरवर अंडी घालणारी माशी इतकी महत्त्वाची वाटली की पुढे १७५८ च्या ग्रंथात त्याने तिला नाव दिलं. ती माशी आजही आहे. एक गुणगुणली तरी रेनडिअर उधळतात, उन्हाळ्यात उरल्यासुरल्या बर्फाच्या पट्ट्यांवर जाऊन उभे राहतात. या सगळ्या थोर मंडळींच्या बाबतीत मला एकच गोष्ट विचारायचीय. यांच्या मागे उभं राहून 'पेट्रोल कोणाचं' असं कोणी विचारलं होतं का?

बरं. मग आला हिवाळा. माश्यांचं खरं काम ध्रुवीय रात्रीत होतं. बाहेर दुपारी दोनलाही काळोख, आत टेबलावर सूक्ष्मदर्शक. माशीचं मागचं टोक कापायचं, कॉस्टिक पोटॅशमध्ये मऊ करायचं, मग ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून सुईने वळवून बघायचं. नोव्हेंबरभर, डिसेंबरभर मी माझ्या जाळ्यातला माल बघत होते. मादी. मादी. मादी. पंख फाटलेला नर, पण जात अगदी सामान्य. मादी. शेवटी काकांची चपटलेली माशी घेतली. नर. मागचं टोक असं शाबूत की पाठ्यपुस्तकात छापावं.

चित्र काढून एका जाणकारांना पाठवलं. या कुळातलं खात्रीने सांगणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि त्यातली बरीचशी काकांच्याच वयाची. हे मात्र गमतीने लिहीत नाही. ती माणसं गेली की माझ्या फ्रीजरमधल्या बाटल्यांकडे बघणार कोण, हा प्रश्न मी ज्यांना ज्यांना विचारला त्यांनी 'डीएनए आहे ना' असं उत्तर दिलं. डीएनए आहे. पण ज्या माशीला आधी कुणी डोळ्याने बघून नाव दिलं नाही, तिचा डीएनए जुळवायचा कशाशी? असो. जाणकारांचं उत्तर आलं. कीटकांच्या नोंदींसाठी फिनमार्कचे चार तुकडे पाडलेत, त्यातल्या आमच्या तुकड्यातली या जातीची ही त्यांच्या माहितीतली पहिलीच नोंद. खाली एक ओळ: 'कृपया पकडणाऱ्यांचं माझ्या वतीने अभिनंदन करावं.'

केलं. वहीत नंबर होताच.

तेव्हापासून काका मला रोज शुभ सकाळ पाठवतात. कमळ, सूर्योदय, मध्ये सुविचार. 'आपल्या माशीचं लेबल लागलं का?' असंही विचारतात. लागलंय. पकडणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव, 'निवृत्त' वगळून. माझं नाव ओळखणाऱ्याच्या ओळीत, त्यांच्याखाली, एक पॉइंट लहान टाइपात. लेबलवर जागा तेवढीच होती.

सत्काराच्या फोटोनंतर तासाभराने आणखी एक संदेश आला. पुढच्या हिवाळ्यात काका-काकू अंटार्क्टिकाला चालले आहेत, बुकिंग झालंय, यंदाच्या टोप्या भगव्या आहेत पण काका जुनी पिवळी नेणार आहेत. 'तिकडे माश्या असतात का? डबी पाठवून दे.'

अंटार्क्टिकाबाहेर जगात कुठेही न सापडणारा कीटक कोणता, तर बेल्जिका अंटार्क्टिका. बिनपंखांची माशी, जेमतेम काही मिलिमीटरची, आयुष्यातले दोन हिवाळे अळी होऊन गोठण्यात घालवणारी. ती प्रत्यक्ष बघावी अशी माझी कॉलेजपासूनची इच्छा आहे. तिथल्या सहलीचा खर्च मी एकदा काढून बघितला होता आणि लगेच ती खिडकी बंद केली होती. तिला पंख नसल्यामुळे टोपीवर ती बसणार नाही, हे खरं. पण काकांचं नशीब मी पाहिलंय.

मी उत्तर टाइप केलं: 'नाही हो काका, तिकडे एकही माशी नाही. नुसते पेंग्विन.'