तारीख आत आहे

"पास?"

"घोड्यानं खाल्ला."

साठी उलटलेल्या, हातात भाजीची पिशवी धरलेल्या गृहस्थाच्या तोंडून हे ऐकल्यावर टीसीनं काय समजायचं? मी प्यायलोय, किंवा त्याला मूर्ख समजतोय. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी ऐन गर्दीच्या वेळी, स्टेशनच्या जिन्याखाली, ही दोन्ही अनुमानं त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक जाताना मी पाहिली.

घोडा माझा नाही, कन्येचा. रेसमधून निवृत्त झालेला, वय वर्षं सहा. तिनं तो दत्तक घेतला आणि नाव ठेवलं 'समाधान'. त्यानं पुढच्या उजव्या पायाची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी) दुखावून घेतली आणि त्याच आठवड्यात कन्येला ऑफिसनं दोन महिन्यांसाठी बंगळुरूला धाडलं. "बाबा, तुम्ही रिकामेच असता ना," असं म्हणून ती गेली. हा 'रिकामेच' मला अजून पचलेला नाही.

डॉक्टरांचं म्हणणं असं की शिरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागू शकतं. तोवर पळणं नाही, मोकळं सोडणं नाही. गाळ्यात उभं राहायचं आणि दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं हाताला धरून चालायचं. काम नाही म्हणून चंदी कमी केली, नाहीतर धान्याची रग अंगात मावत नाही. गवत मात्र सतत समोर हवं, कारण घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास तयार होत असतं, खाणं असो वा नसो. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आणि त्याचं मन रमवा."

मन रमवा! माझा गुडघा बदलला तेव्हा माझं मन रमवायला घरात कुणी साधा रेडिओ लावला नव्हता.

समाधानसाठी रेडिओ लावला. त्यानं तो पाण्याच्या बादलीत टाकला. बारीक भोकांच्या जाळीत गवत भरून टांगलं, म्हणजे एकेक काडी ओढण्यात वेळ जाईल. त्यानं दोन दिवसांत जाळीची गाठ सोडायला शिकून घेतलं. प्लॅस्टिकच्या डब्याला भोकं पाडून आत चणे भरले. ढकलत बसेल, एकेक चणा मिळेल. त्यानं डब्यावर पाय ठेवला. दुखरा नव्हे, चांगला. तेवढी अक्कल आहे. आरसा लावला. एकट्या पडलेल्या घोड्याला त्यात सोबत दिसते म्हणे. पहिल्या दिवशी तो आरशाकडे एकटक बघत राहिला, दुसऱ्या दिवशी त्यानं त्या घोड्याकडे पाठ फिरवली. तबेल्यातले मामा, म्हणजे सईस, तीस वर्षं घोड्यांत काढलेले, म्हणाले, "साहेब, ह्याला स्वतःचाच कंटाळा आलाय."

मग तो डुलायला लागला. दारावरून मान बाहेर काढून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. कोंडलेले घोडे असं करतात. बघायला गंमत वाटते, पण दहा मिनिटं बघून पाहा.

त्याचा गाळा बारा बाय बारा. हे आकडे मला झोंबतात, कारण परळला चाळीत आमची खोली दहा बाय बाराची होती आणि आम्ही सात जण होतो. '८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि माझे वडील घरी बसले. गॅलरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, सकाळ-संध्याकाळ. संप कुणी मागे घेतलाच नाही आणि वडिलांची गिरणी काही पुन्हा सुरू झाली नाही. त्यांचं मन रमवा असं कुठला डॉक्टर म्हणाला नाही. गाजरं मात्र त्यांनाही दाखवली गेली, पुष्कळ.

असो. गाजरावरून आठवलं, गूळ. चूक माझीच आहे, पण ती मी कन्येजवळ कबूल केलेली नाही. मी गुळाचा खडा शर्टाच्या खिशात ठेवला. त्याच खिशात, प्लॅस्टिकच्या कव्हरात, चारच दिवसांपूर्वी काढलेला तीन महिन्यांचा पास. (मोबाइलवर काढत जा, असं सांगणाऱ्यांनी कृपया गप्प बसावं.) मी आरसा काढायला वळलो. खिसा शिवणीसकट गेला. गूळ गेला. पासचा अर्धा भाग मी त्याच्या ओठांतून ओढून काढला, बाकीचा त्यानं माझ्या डोळ्यांत बघत चावला.

तो हिरवट, ओलसर तुकडा मी टीसीसमोर धरला. त्यानं तो हातात घेतला नाही. वाकून वाचला.

"यावर ओळखपत्राचा नंबर आहे. तारीख कुठाय?"

"तारीख आत आहे."

"कुणाच्या आत?"

"समाधानच्या."

"तुम्ही घोडा म्हणालात."

"घोड्याचंच नाव समाधान आहे."

आतापर्यंत चारपाच जण थांबले होते. मुंबईत कुणाला वेळ नसतो ही अफवा आहे. एका बाईंनी तर पिशवी खाली ठेवून व्यवस्थित उभं राहून घेतलं.

"उलटी करवून काढायची," टीसी म्हणाला.

"घोड्याला उलटी करता येत नाही." हे मी डॉक्टरांकडून शिकलो होतो आणि गेले तीन आठवडे ते कुणाला तरी सांगायची संधी शोधत होतो. "अन्ननलिका जठरात उघडते तिथे स्नायू इतके घट्ट असतात की आत गेलेलं वर येत नाही. एकेरी वाहतूक."

टीसीनं क्षणभर विचार केला. "म्हणजे दुसऱ्या टोकानं येईल."

"येईल."

"किती वेळानं?"

"दीड ते तीन दिवस."

"मग तेव्हा आणा. आज अडीचशे दंड आणि वर तिकिटाचे पैसे."

मी पैसे मोजले. माझ्या हाताला गुळाचा चिकटपणा होता आणि नोटा एकमेकींना सोडत नव्हत्या. पावती फाडता फाडता त्याचा आवाज एकदम खाली आला. "रेसचा घोडा होता म्हणता?"

"होता."

"मग तबेल्यात बोलणं होत असेल. पुण्याला ह्या रविवारी कोण येईल?"

पावसाळ्यात रेस महालक्ष्मीला नसतात, पुण्याला असतात, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. ज्याचा पास घोड्यानं खाल्ला यावर विश्वास बसत नव्हता, त्याच्या टिपेवर मात्र बसणार होता. मला खरं म्हणजे राग आला. त्या रागाच्या भरात मी म्हणालो, "पाच नंबर." कुठल्या रेसमधला, त्यानं विचारलं नाही. गंभीरपणे मान हलवली आणि पावती दिली. दंड माफ केला नाही.

रात्री डॉक्टरांना फोन केला. पासचं त्यांना काही वाटलं नाही, प्लॅस्टिकचं वाटलं. पोट धरलं तर घोड्याच्या जिवावर बेततं. आडवा पडून लोळतोय का, पोटाकडे वळून बघतोय का, चारा सोडलाय का आणि लीद नीट होतेय का, ह्यावर नजर ठेवा म्हणाले. मग मी, निवृत्त हेडक्लार्क, दोन दिवस खुर्ची टाकून घोड्याच्या मागच्या बाजूवर नजर ठेवून बसलो. गंमत म्हणजे समाधान डुलायचा थांबला. मान वळवून माझ्याकडे बघत राहायचा. इतकं मनोरंजन त्याचं रेडिओनं केलं नव्हतं, आरशानं केलं नव्हतं.

कन्येचा रोज फोन यायचा. "तो कसा आहे?" तो उत्तम होता.

काल संध्याकाळी मी त्याच जिन्यानं उतरलो. खिशात नवा पास, खिसा सेफ्टीपिननं बंद. खाली तोच टीसी. गर्दी तीच, बहुधा त्या पिशवीवाल्या बाईसुद्धा. त्यानं मला लांबूनच ओळखलं, हात वर केला आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं विचारलं:

"काका, लीद झाली का?"

मी मान हलवली.