बायकोची पॉलिसी आणि माझा राजीनामा

"सोडली असती रे, पण आईबाबांचा मेडिक्लेम कंपनीचा आहे." पुण्यात आयटीत असाल तर हे तुम्ही ऐकलं असेलच. मी स्वतः दोन वर्षं हेच म्हणत होतो. बाबांना मधुमेह. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ते पहिल्या दिवसापासून कव्हर. बाहेर पॉलिसी घ्यायची तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत वेटिंग.

याला 'जॉब लॉक' म्हणतात आणि ते कुणीतरी मोजलंय, हे मला बरंच उशिरा कळलं. अर्थतज्ज्ञ ब्रिजिट मॅड्रियन यांनी. एमआयटीमधून पीएचडी, पुढे शिकागो, व्हॉर्टन, हार्वर्ड. १९९४ च्या त्यांच्या पेपरमधली युक्ती मला फार आवडते. न सोडलेली नोकरी मोजणार कशी? बाईंनी अमेरिकेतले विवाहित पुरुष घेतले. ज्यांना बायकोच्या नोकरीतूनही विमा आहे ते एकीकडे, ज्यांचा सगळा भार स्वतःच्याच पॉलिसीवर ते दुसरीकडे. बायको गरोदर असलेले, मोठ्या कुटुंबाचे, असेही ताडून पाहिले. निष्कर्ष: विम्यापायी स्वखुशीने नोकरी सोडण्याचं प्रमाण वर्षाला १६ टक्क्यांवरून १२ वर येतं.

मी राजीनामा दिला तो बायकोच्या कंपनीने तिच्या सासूसासऱ्यांना, म्हणजे माझ्या आईबाबांना, कव्हर द्यायला सुरुवात केली त्या महिन्यात. म्हणजे अगदी पेपरातला नमुना!

पण बाई जास्त गाजल्या त्या बचतीवरच्या कामामुळे. २००१ मध्ये डेनिस शे यांच्यासोबत त्यांनी एका मोठ्या कंपनीतली ४०१(के) ही निवृत्ती योजना तपासली. फॉर्म भरून सामील व्हा, असं होतं तेव्हा ४९ टक्के लोक योजनेत. आपोआप सामील, नको असेल तर कळवा, असं केल्यावर ८६ टक्के. अमेरिकेच्या २००६ च्या पेन्शन कायद्याने पुढे या पद्धतीला बळ दिलं.

सगळे हा ८६ चा आकडा मिरवतात. मला त्याच पेपरातला ३ चा आकडा जास्त बोचतो. आपोआप कपात ठरवली होती पगाराच्या ३ टक्के, आणि बरेच जण तिथेच बसून राहिले. पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंतच्या बचतीवर कंपनी स्वतःची भर घालत होती, तरी! आळसाला कामाला लावलं की तो फॉर्म भरणाऱ्याच्या मर्जीने चालत नाही, फॉर्म छापणाऱ्याच्या मर्जीने चालतो. त्यामुळे तो ३ कुणी ठरवला, हे विचारायलाच हवं.

हे मी कुठल्या तोंडाने लिहितोय? आमच्या पोर्टलवर तीन लाखांचं कव्हर आधीच टिक केलेलं असायचं. ते वाढवायच्या टॉप-अपची मेल दर एप्रिलला यायची. मी ती एकदाही उघडली नाही.