ग्युर्ताचं खरं मोठेपण

हंगेरीचा जलतरणपटू दानिएल ग्युर्ता याच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्याची कारकीर्द २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या सुवर्णपदकात गुंडाळून टाकलीत, ते खटकलं. अहो, हा पोरगा २००४ ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक घेऊन गेला तेव्हा जेमतेम १५ वर्षांचा होता! २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक, पुढे फक्त जपानचा किताजिमा. अमेरिकेच्या ब्रेंडन हॅन्सनला त्याने ०.०७ सेकंदांनी मागे टाकलं.

आणि लंडनचं म्हणाल तर नुसतं सुवर्ण नव्हे, २:०७.२८ हा विश्वविक्रम होता. त्याआधीचा २:०७.३१ हा ऑस्ट्रेलियाच्या स्प्रेंगरचा विक्रम २००९ चा, म्हणजे वेग वाढवणाऱ्या त्या गुळगुळीत पॉलियुरेथेन सूटच्या काळातला. ते सूट बंद झाल्यावर साध्या कापडी पोशाखात तो मोडणं म्हणजे काय, हे पोहणाऱ्यालाच कळेल. शेजारी ब्रिटनचा जेमिसन, घरच्या प्रेक्षकांचा आरडाओरडा, आणि शेवटी फरक ०.१५ सेकंदांचा. किताजिमा चौथा, बरं का.

रोम, शांघाय, बार्सिलोना अशी सलग तीन जागतिक विजेतेपदंही लेखात हवी होती. रोमचं तर ०.०१ सेकंदाने मिळालं, नखभर म्हणा ना.

पण मला तो लक्षात राहिला तो वेगळ्याच कारणासाठी. नॉर्वेचा ब्रेस्टस्ट्रोक जलतरणपटू अलेक्झांडर दाले ओएन लंडनच्या तीन महिने आधी, २६ व्या वर्षी, हृदयविकाराने गेला. ग्युर्ताने आपल्या सुवर्णपदकाची प्रतिकृती त्याच्या घरच्यांना द्यायचं ठरवलं. निदान एवढी ओळ तरी लेखात घाला.