गोल खिडकी, टफन्ड काच आणि भरपूर सिलिकॉन: समुद्राकाठच्या घरांसाठी फिरणाऱ्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

समुद्राकाठी घर बांधणाऱ्यांसाठी म्हणून एक संदेश सध्या पुष्कळ फिरतो आहे. त्यात पाच गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. वेगळ्या आकाराची खिडकी हवी असेल तर ती गोल घ्यावी, कारण जहाजाच्या आणि विमानाच्या खिडक्या गोलाकार असतात आणि गोल काचेला वारा तोडू शकत नाही. काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून झपाट्याने थंड करून कणखर केलेली, असली की वादळाची चिंता उरत नाही. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या असल्या की गंजाचा प्रश्न मिटतो. चौकटीभोवती सिलिकॉन भरपूर भरला की पाणी आत येत नाही. आणि रुंदी-उंची कळवली की कारखाना हवा तो आकार अचूक करून देतो. यातल्या प्रत्येक विधानात थोडेसे तथ्य आहे, म्हणूनच ते चटकन पटते. पण त्यावर विसंबून खिडकी ठरवणे धोक्याचे आहे, कारण कमानदार, गोल किंवा तिरकी खिडकी ही चौकोनी खिडकीसारखी सहज बदलून आणता येत नाही. ती चुकली तर बहुतेक वेळा भिंतीला हात घालावा लागतो.

गोलाईच्या विधानापासून सुरुवात करू. जहाजाच्या बाजूला गोल खिडकी असते, याचे कारण काचेत नसून पत्र्यात आहे. लाटांवर जहाज वाकते तेव्हा तो ताण बाहेरच्या पोलादी पत्र्यातून वाहतो, आणि पत्र्यात टोकदार कोपऱ्याचे भोक असेल तर ताण त्या कोपऱ्यापाशी एकवटून तिथून भेग सुरू होते. विमानाचेही तसेच आहे. १९५४ साली कॉमेट जातीची दोन जेट विमाने हवेतच फुटली, आणि तपासात धातू थकून पडलेल्या भेगांचा माग कवचातल्या उघड्या जागांच्या कोपऱ्यांपर्यंत आणि तिथल्या रिव्हेटच्या भोकांपर्यंत लागला. दोन्ही ठिकाणी बाहेरचे कवचच भार पेलत असते. घराच्या खिडकीवरच्या भिंतीचा भार मात्र लिंटेल (उघडीवरची आडवी तुळई) किंवा कमान पेलते, काच आणि चौकट नव्हे. चौकोनी उघडीच्या कोपऱ्यांतून गिलाव्यात तिरक्या भेगा जातात आणि गोल उघडीला तो त्रास कमी होतो, एवढे श्रेय गोल आकाराला द्यायला हवे. पण तो लाभ भिंतीचा झाला, काचेचा नाही.

काचेचा हिशेब उलटाच येतो. चारही बाजूंनी टेकवलेली, सारख्या बाजूंची चौकोनी काच आणि तिच्या रुंदीइतक्याच व्यासाची गोल काच यांची जाडी सारखी असेल आणि दोघींवर सारखाच दाब आला, तर काच फार वाकत नाही तोवर गोल काचेच्या मध्यावरचा ताण दहा-बारा टक्क्यांनी जास्तच भरतो. क्षेत्रफळ सारखे ठेवले तर हा फरक चाळीस टक्क्यांच्या आसपास जातो, कारण तेवढ्याच क्षेत्रफळाचा गोल चौकोनापेक्षा मध्यावर रुंद असतो आणि चौकोनी काचेला तिचे चार कोपरे दाबून धरून जी मदत करतात ती गोल काचेला मिळत नाही. म्हणून ‘गोल आहे, पातळ काच चालेल’ असे कोणी सुचवले तर ते मानू नये.

वारा काय करतो हे आकारापेक्षा वेगावर आणि खिडकीच्या जागेवर अवलंबून असते. ताशी ९० किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ३९ किलो वजनाइतका मूळ दाब देतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १८० किलोमीटर झाला की हाच दाब चौपट होऊन १५६ किलोवर जातो. घराचा आकार आणि भिंतीवरची जागा यांनुसार तो पुढे कमी-अधिक होतो. भिंतीच्या मध्यापेक्षा कोपऱ्यांजवळ आणि छपराच्या कडांजवळ वाऱ्याची ओढ, म्हणजे बाहेरच्या दिशेने खेचणारा दाब, बराच जास्त असतो. उतरत्या छपराखालच्या त्रिकोणी भिंतीत बसवलेली तिरकी खिडकी नेमकी अशाच जागी येते, शिवाय ती उंचावरही असते. तेव्हा विचारायचा प्रश्न ‘कोणता आकार मजबूत’ हा नसून ‘या जागी, या उंचीवर किती दाब आणि किती ओढ धरली आहे’ हा आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यात मिळायला हवे.

दुसरे विधान टफन्ड काचेचे. टफन्ड काच साध्या काचेच्या साधारण चौपट ताण सोसते हे खरे आहे. पण ती साध्या काचेपेक्षा ताठ नसते, दाबाखाली तेवढीच वाकते. आणि फुटली की तिचे बारीक बारीक तुकडे होऊन सगळी काच खाली पडते. अंगाला इजा कमी व्हावी या दृष्टीने हा गुण चांगला आहे, पण वादळात तोच घातक ठरतो. उडत आलेल्या कौलाच्या तुकड्याने काच फुटली की उघडी जागा मोकळी होते, वारा घरात शिरतो, आतला दाब वाढून छपराला खालून वर ढकलतो आणि त्याच वेळी बाहेरचा वारा छपराला वर ओढत असतो. छप्पर उडण्याची सुरुवात अशा एका फुटलेल्या खिडकीतूनही होऊ शकते.

यावरचे उत्तर लॅमिनेटेड काच हे आहे. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा चिकट थर असतो, त्यामुळे काच तडकली तरी तुकडे थराला धरून राहतात आणि भोक सहसा पडत नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडात हाहाकार उडवल्यावर तिथल्या बांधकाम नियमांत जी चाचणी आली, तीत सुमारे ४ किलोचा लाकडी वासा सेकंदाला १५ मीटर वेगाने खिडकीवर मारतात आणि त्यानंतर तीच तडकलेली खिडकी ९,००० वेळा दाब-ओढीच्या चक्रांतून नेतात. ही परीक्षा एकट्या काचेची नसते; काच, चौकट, काच धरून ठेवणारा सिलिकॉन आणि भिंतीतले बोल्ट या सगळ्यांची मिळून असते. खास आकाराच्या खिडकीत इथेच फसगत होते. विक्रेत्याकडचे प्रमाणपत्र पुष्कळदा चौकोनी नमुन्याचे असते. आपण घेतो आहोत तो आकार आणि तेवढे माप त्या प्रमाणपत्रात बसते का, हे लेखी मागून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

स्टेनलेस स्टील हे एकच द्रव्य नाही. ३०४ आणि ३१६ हे त्याचे नेहमी भेटणारे दोन प्रकार आहेत. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ते मिठाच्या हवेत जास्त तग धरते. ३०४ वर चहाच्या डागांसारखे तपकिरी डाग उठतात आणि बारीक खड्डे पडू लागतात. पण ३१६ सुद्धा पूर्ण निर्धोक नसते. गंज कुठे आधी धरतो हे पाहिले तर नवल वाटेल: पावसात सतत भिजणाऱ्या भागापेक्षा वळचणीखालच्या, कोरड्या दिसणाऱ्या भागात तो पुष्कळदा आधी दिसतो, कारण तिथे बसलेले मीठ पाऊस धुऊन नेत नाही. म्हणून वळचणीखालच्या खिडक्या गोड्या पाण्याने अधूनमधून धुणे हा देखभालीचा भाग मानावा लागतो. गोल खिडकीच्या वरच्या कमानीखाली आणि तिरक्या खिडकीच्या अरुंद कोनात हात पोचत नाही, आणि मीठही तिथेच साठते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट संदेशात आलेलीच नाही. स्टेनलेसचा स्क्रू अॅल्युमिनियमच्या चौकटीत थेट घातला आणि वर खारट ओल आली, तर त्या जोडीत झिजते ते अॅल्युमिनियम. काही वर्षे मिठाच्या हवेत राहिलेल्या अशा खिडकीचा एक स्क्रू काढून पाहावा. स्क्रू चकचकीत असतो, पण त्याच्या डोक्याभोवतीचे पावडर कोटिंग, म्हणजे चौकटीवरचा रंगाचा थर, फोडासारखे उचललेले असते आणि नखाने खरवडले की खालून पांढरी भुकटी निघते. स्क्रू शाबूत आहे, पण ज्यात तो धरायचा ते भोक सैल झालेले आहे. नायलॉनची वॉशर आणि बुशी घालून दोन धातू एकमेकांपासून वेगळे ठेवले तर हे टळते. कमानदार चौकटीबद्दल आणखी एक प्रश्न विचारावा: प्रोफाइल, म्हणजे चौकटीची लांब पट्टी, वाकवून मग कोटिंग केले, की कोटिंग केलेले प्रोफाइल वाकवले? दुसऱ्या पद्धतीत बाकाच्या बाहेरच्या अंगाला कोटिंग ताणले जाऊन त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा पडण्याचा धोका असतो, आणि मिठाला तेवढी वाट पुरते.

आता सिलिकॉन. माझ्या मते या संदेशातले सर्वांत जास्त नुकसान करणारे विधान हेच आहे. चांगली खिडकी पाणी अजिबात आत येऊ देत नाही अशी समजूत असते. प्रत्यक्षात चांगल्या खिडकीत थोडे पाणी चौकटीत शिरणार असे गृहीत धरून त्याला परत बाहेर जायची वाट ठेवलेली असते. चौकटीच्या खालच्या अंगाला बाहेरून दिसणारी बारीक भोके त्याचसाठी असतात. ‘भरपूर’ सिलिकॉन भरणारा कारागीर ती भोकेही बुजवून टाकतो आणि आत आलेले पाणी आतच कोंडते.

इथे वाऱ्याचा मघाचा आकडा पुन्हा उपयोगी पडतो. दर चौरस मीटरला ३९ किलो म्हणजे ३९ मिलिमीटर उंच पाण्याच्या थराचे वजन. ताशी ९० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा हा पूर्ण दाब खिडकीच्या आत-बाहेर पडला, तर चौकटीतले पाणी तेवढ्या उंचीपर्यंत वर ढकलले जाऊ शकते. चौकटीच्या आतल्या बाजूची उभी कड २० मिलिमीटरची असेल, तर पाणी ती ओलांडून घरात येते, मग बाहेर कितीही सिलिकॉन असो. यात भर अशी की, उत्तर अमेरिकेतल्या खिडक्यांच्या मानकात बहुतेक श्रेणींची पाण्याची चाचणी ताकदीसाठी धरलेल्या दाबाच्या १५ टक्केच दाबाला होते. दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे, ताशी १८० किलोमीटरच्या मूळ दाबाला उभी राहणारी खिडकी पाण्यासाठी मात्र जेमतेम ताशी ७० किलोमीटरपर्यंतच तपासलेली असू शकते. ताकदीचा आणि पाण्याचा, असे दोन्ही आकडे वेगवेगळे मागायला हवेत.

आकाराचा खरा प्रश्न इथे उभा राहतो. चौकोनी खिडकीला खाली सपाट पट्टी असते, तिच्यावर पाणी पसरते आणि दोन-तीन भोकांतून निघते. गोल खिडकीत सगळे पाणी तळाच्या एका बिंदूकडे धावते. त्या बिंदूला भोक नसेल, किंवा काच टेकवण्याचा रबरी ठोकळा नेमका तिथेच बसवला असेल, तर काचेची कड पाण्यात बुडून राहते. लॅमिनेटेड काचेचा मधला थर कडेने पाणी पिऊन पांढुरका होऊ लागतो. दुहेरी काच असेल तर तिचा सील सुटून आत धुके धरते, आणि ते बाहेरून पुसता येत नाही. ठोकळे तळाच्या दोन्ही बाजूंना, आणि भोक मधोमध, ही साधी गोष्ट मागणीच्या रेखाचित्रात दिसली पाहिजे. त्रिकोणी खिडकीत हीच अडचण खालच्या अरुंद कोनात येते.

सिलिकॉन लागतोच, पण मोजून. सांध्यात आधी फोमची दोरी घालून त्यावर भरलेला सिलिकॉन फक्त दोन बाजूंना चिकटतो आणि चौकट उन्हात पसरली-आखडली की ताणला जातो. दोरी नसेल तर तो तळालाही चिकटतो आणि फाटतो. दोन मीटर लांबीची अॅल्युमिनियमची चौकट ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ २ मिलिमीटर लांब-आखूड होते, यूपीव्हीसी या कडक प्लास्टिकची त्याच्या दुपटीहून जास्त, आणि काच एक मिलिमीटरहूनही कमी. सांधा या फरकासाठीच असतो.

राहिले मापाचे विधान. रुंदी आणि उंची या दोन आकड्यांनी चौकोन ठरतो, कमान ठरत नाही. एकाच रुंदीवर आणि एकाच एकूण उंचीवर सपाट, अर्धगोल किंवा टोकदार अशा कितीतरी कमानी बसतात. साध्या वर्तुळखंडाच्या कमानीला गाळा (पायथ्याची रुंदी) आणि चढ (पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची) हे दोन्ही द्यावे लागतात: गाळा १२०० मिलिमीटर आणि चढ ३०० असेल तर त्रिज्या ७५० येते, चढ मोजताना १० मिलिमीटर जास्त धरले गेले की ती ७३६ वर उतरते आणि तयार कमान भिंतीतल्या कमानीवर माथ्याशी टेकते. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता किंवा घासता येत नाही, त्यामुळे चुकलेली काच वायाच जाते. म्हणून गिलावा पूर्ण झाल्यावर पातळ प्लायवूडचा पूर्ण आकाराचा साचा करून तो प्रत्यक्ष उघडीत धरून पाहावा, सभोवार सांध्यासाठी सुमारे १० मिलिमीटर मोकळी जागा सोडावी, साच्यावर ‘वर’, ‘बाहेर’ आणि तळाच्या भोकाची खूण करावी आणि कारखान्याला आकड्यांबरोबर तो साचाच पाठवावा.

खिडकी बसवून झाली आणि सिलिकॉन वाळला की आतली सजावट करण्यापूर्वी पाण्याच्या नळीने एक तपासणी करता येते. फवारा आधी खालच्या पट्टीवर, मग दोन्ही बाजूंवर, शेवटी कमानीच्या माथ्यावर, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे धरावा, आणि घरात एकाने विजेरी घेऊन कडेने बोट फिरवत राहावे. खालून वर जायचे कारण इतकेच, की पाणी वरून मारले तर ते सगळ्या सांध्यांवरून वाहते आणि गळती कुठली हे कळत नाही.