साखरेचं खाणार त्याला स्वादुपिंड देणार

दुपारचे चार वाजले की माझ्यातला शहाणा माणूस रजेवर जातो. एकच ओळ तिसऱ्यांदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, जांभईनं जबडा खिळखिळा होतो आणि हात आपसूक खणाकडे वळतो. खणात क्रीमची बिस्किटं असतात. ती तिथं कोण ठेवतं, हा वेगळ्या चौकशीचा विषय आहे.

चार बिस्किटांत साधारण पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे जवळजवळ चार चमचे. आता धडधाकट माणसाच्या पाचेक लिटर रक्तात, उपाशीपोटी, एकूण ग्लुकोज किती असतं? जेमतेम पाच ग्रॅम. एक चमचा! एवढ्याशा शिलकीवर सगळा संसार चाललेला, आणि आपण दारात चार चमच्यांचं पोतं आणून टाकतो. साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडगोळी. आतड्यात दोघांची फारकत होते. ग्लुकोज रक्तात फिरायला निघतं, फ्रुक्टोज बहुतेक यकृताच्या गळ्यात पडतं. बिस्किटातला मैदा साळसूद चेहऱ्यानं बसलेला असतो, पण पचल्यावर तोही ग्लुकोजच.

साखरेचं खाणार त्याला देव देणार, असं म्हणतात. देवाचं माहीत नाही, स्वादुपिंड मात्र देतं. इन्सुलिन, म्हणजे रक्तातलं ग्लुकोज पेशींत पोचवणारं संप्रेरक, आणि तेही सढळ हातानं. कधी कधी ते इतकं सढळ की दोन-तीन तासांनी ग्लुकोज होतं त्याच्याही खाली उतरतं आणि नुकतंच खाल्लेलं असूनही पोटात कावळे ओरडायला लागतात. सगळ्यांचं असं होत नाही. तीच बिस्किटं शेजारच्या खुर्चीला काही करत नाहीत, हा अन्याय वेगळाच.

बरं, तरतरी तरी येते का? 2019 साली 31 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा साखरेनं मूड सुधारल्याचं कुठंच दिसलं नाही. उलट अर्ध्या तासात थकवा वाढलेला आणि तासाभरात सावधपणा कमी झालेला. सोबत कॉफी असेल तर काम कॅफीन करतं आणि श्रेय बिस्किट लाटतं.

इथं कुणीतरी ‘नैसर्गिक साखर घ्या’ म्हणतंच. म्हणणाऱ्याच्या हातात बहुधा मधाची बाटली असते. मधातही तेच ग्लुकोज, तेच फ्रुक्टोज आणि थोडं पाणी. मधमाशीच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण स्वादुपिंड भावनेला भुलत नाही. फरक साखरेत नाही, बांधणीत आहे. संत्र्याची फोड उजेडात धरा. पातळ पापुद्र्याच्या आत थेंबाएवढ्या पिशव्या दाटीवाटीनं बसलेल्या दिसतात, आणि साखर त्यांच्या आत कोंडलेली. आधी सोलायचं, मग चावायचं, मग तंतूंच्या गर्दीतून वाट काढायची. साखर रक्तात पोचते ती रमतगमत. रस काढला की हे सगळं गाळणीत राहतं. तीन संत्री सोलून खायला दहा मिनिटं तरी जातात, त्यांचाच रस तीन घोटांत संपतो. 1977 मध्ये संशोधकांनी हे सफरचंदावर मोजलं होतं. तितक्याच कर्बोदकांचा रस अख्ख्या सफरचंदांपेक्षा अकरा पट वेगानं पिता येत होता, पोट कमी भरत होतं आणि इन्सुलिन जास्त चढत होतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना फळांचा रस आणि मध यांना वरून घातलेल्या साखरेच्याच पंगतीत बसवते. त्या पंगतीला दिवसाची मर्यादा सुमारे 50 ग्रॅम, जमल्यास 25.

कोलाच्या 330 मिलीच्या डब्यात 35 ग्रॅम साखर असते, जवळजवळ नऊ चमचे. ती जाणवत नाही, कारण थंडीनं जीभ बधिरते आणि आम्ल गोडी झाकतं. उघडा ग्लास तासभर टेबलावर ठेवून मग चाखा, पाक पितोय असं वाटेल.

पाकिटामागचा साखरेचा आकडा चारनं भागला की चमचे मिळतात. भागण्याआधी तो 100 ग्रॅमचा आहे की ‘एका वाढणीचा’, हे पाहावं. वाढणी म्हणजे दोन बिस्किटं. दोन बिस्किटांवर थांबणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. खायचंच असेल तर रिकाम्या पोटी नको, जेवणाच्या शेवटी खावं आणि पंधरा मिनिटं चालून यावं. चालणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ग्लुकोज ओढून घेतात.

एका प्रसंगी मात्र सगळं उलटं. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींची रक्तातली साखर 70 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली गेली, हात थरथरले, घाम फुटला, की संत्रं सोलत बसू नये. शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर 15 ग्रॅम साखर, म्हणजे अर्धा कप रस, लगेच द्यावा. 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं. चॉकलेट नको, त्यातली चरबी साखरेला वाटेत अडवते. चार वाजताची जांभई या कलमात बसत नाही. मी दोनदा वाचून पाहिलंय.